मास्टर कॉपी

अण्णांच्या दुकानाला नाव आहे की नाही, हे कॉलेजात कुणालाच सांगता येणार नाही. पाटीवर ‘झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, सातबारा, पॅन कार्ड, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’ एवढं लिहून झाल्यावर पेंटरकडे जागा उरली ती फोन नंबरापुरती, आणि त्यातलेही शेवटचे दोन आकडे विजेच्या खांबाआड गेले. त्यानं धंद्याचं काही अडलं नाही. तालुक्याच्या या कॉलेजात लायब्ररी कुठं आहे, हे काही मुलं टीवायला गेल्यावरही विचारतात. अण्णा कुठं बसतात, हे प्रवेशाच्या रांगेतच कळतं.

अण्णा पंचावन्नच्या घरातले. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि उजव्या अंगठ्याचं नख टोनरनं कायमचं काळं. कागदाचा गठ्ठा अंगठ्यावरून एकदा फर्रकन सोडला की किती पानं आहेत ते सांगतात. मोजल्यावर दोन पानं कमी निघाली तर म्हणतात, “हवा दमट आहे.” स्वतःचं बी.कॉम. पहिल्या वर्षात राहिलं. पण गेली पंचवीसेक वर्षं कॉलेजातली एकही डिग्री त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं गेलेली नाही.

वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत प्रत्येक कॉलेजच्या गेटसमोर असा एक अण्णा असतो. कुठं त्याला मामा म्हणतात, कुठं भाऊ. प्राचार्य बदलतात, अभ्यासक्रम बदलतात, तो हलत नाही. आमच्या विद्यापीठानं 2019च्या पॅटर्नमध्ये सत्तर गुण लेखी परीक्षेला ठेवले आणि तीस अंतर्गत मूल्यमापनाला दिले, तेव्हा स्टाफरूममध्ये महिनाभर चर्चा चालली. हे तीस गुण द्यायचे कसे, कशावर, कुणी? अण्णांनी चर्चा केली नाही. कर्ज काढून दुसरं मशीन घेतलं.

मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. एफवायच्या मुलांचं लेखनकौशल्य माझ्याकडे: निबंध, पत्र, सारांश. पहिलं असाइनमेंट दिलं, त्याच संध्याकाळी हजेरीपत्रकाची झेरॉक्स काढायला गेलो, तर अण्णांनी मलाच विचारलं, “सर, किती पानी चालेल?”

काउंटरमागं लोखंडी मांडणी आहे. तिच्यात विषयवार फायली, आणि प्रत्येक फायलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक मास्टर कॉपी. मास्टर कॉपी कुणाच्या हाती मिळत नाही. अण्णाच ती काढतात, काचेवर ठेवतात, झाकण लावतात आणि काम झालं की परत पिशवीत घालतात. मुलाला मिळते ती प्रत, पानाला एक रुपया. मजकुराचे वेगळे पैसे घेत नाहीत. “विद्येचे पैसे घ्यायचे नसतात, सर. कागदाचे घ्यायचे.”

त्या मांडणीसमोर उभं राहून मला माझ्या सहकाऱ्यांची जेवढी ओळख झाली, तेवढी स्टाफरूममध्ये आजतागायत झालेली नाही.

“इतिहासाच्या सरांना पानं लागतात. पंचवीसच्या खाली असलं तर ते फाइल उघडत नाहीत. पंचवीसच्या वर गेलं की उघडायची गरजच पडत नाही. अर्थशास्त्राला आकडे. कसले ते महत्त्वाचं नाही, टक्क्यांत पाहिजेत. राज्यशास्त्राच्या मॅडम पहिलं पान वाचतात आणि शेवटचं वाचतात. मधे एकदा चुकून लग्नपत्रिकेचं मॅटर शिवलं गेलं. वीसपैकी सतरा पडले.”

“आणि मराठीला?”

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला नीट पाहिलं. “तुम्ही नवीन आहात. अजून अंदाज आला नाही. आधीच्या सरांना सुरुवातीला अभंग लागायचा. निबंध प्रदूषणाचा असला तरी.”

पहिल्या गठ्ठ्यात विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान’. विषय माझा नाही, विभागाचा. तिसऱ्याच निबंधात हे वाक्य भेटलं : ‘पूर्वी आमच्या गावात एकच मोबाइल होता. रविवारी सकाळी रामायण लागले की सारा गाव त्या मोबाइलसमोर जमत असे. काही भाविक मोबाइलला हार घालत.’ पुढच्या निबंधात तेच. त्याच्या पुढच्यात भर होती : ‘चित्र नीट दिसेना की माझा मोठा भाऊ कौलांवर चढून मोबाइलचा अँटेना फिरवीत असे.’

दूरदर्शनवरचं रामायण 1987च्या जानेवारीत सुरू झालं आणि 1988च्या जुलैत संपलं. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया शाळेत होत्या. म्हणजे कुणीतरी कधीकाळी ‘दूरदर्शन : शाप की वरदान’ लिहिला होता आणि नंतर कॉम्प्युटरवर एका फटक्यात ‘दूरदर्शन’च्या जागी ‘मोबाइल’ घातला गेला होता. मी प्रती ताडून पाहायला लागलो. अँटेना असलेल्या प्रती आणि अँटेना नसलेल्या प्रती अशा दोन शाखा निघाल्या. हार घालणारे भाविक काही प्रतींत ‘नागरिक’ झाले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 ते 1966 चाललं आणि त्यासाठी बाराशेंवर हस्तलिखितं धुंडाळली गेली. त्या पंडितांना माझ्यासारखी एक सोय नव्हती : व्यास गेटसमोर बसलेले नव्हते.

“माझाच आहे तो,” अण्णा म्हणाले. “एफवायला असताना लिहिलेला. अठ्ठ्याऐंशी साल. दहापैकी चार मिळाले होते. सरांनी शेरा मारला, ‘विचार उथळ’. आता त्यालाच आठ मिळतात. निबंधात काही बदललं नाही, सर बदलले.”

“पण रामायण मोबाइलवर?”

“ते राहिलं खरं.” त्यांनी पेन काढून मास्टर कॉपीवर खूण केली. दुसऱ्या गठ्ठ्यापासून सारा गाव मोबाइलसमोर क्रिकेटचा सामना बघायला लागला. अँटेना मात्र राहिला. अण्णा म्हणाले, “भावाचा प्रसंग आहे, काढवत नाही. खरंच चढायचा तो.”

‘माझे वडील’ या विषयाला तर वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील पोस्टात निघाले. तालुक्याच्या पोस्टात एवढी माणसं असती तर पत्रं टाकायच्या आत पोचली असती. मी अण्णांकडे तक्रार केली. त्यांनी तात्काळ दुरुस्ती केली. मास्टर कॉपीत आता छापलं होतं : ‘माझे वडील ........ आहेत.’ पुढच्या खेपेला तिघांनी ते टिंबांसकट उतरवलं. एकानं टिंबं मोजून उतरवली होती.

‘उतरवलं’ म्हणतो, कारण मधल्या काळात नोटीस लागली होती : ‘टंकलिखित असाइनमेंट स्वीकारले जाणार नाही. विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहावे.’ झेरॉक्सचा शोध लागला तो अशाच एका विद्यार्थ्याच्या दुखऱ्या हातामुळं. न्यूयॉर्कचा चेस्टर कार्लसन दिवसा एका कंपनीच्या पेटंट विभागात राबायचा आणि रात्री कायद्याच्या वर्गाला जायचा. पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हातानं उतरवून घ्यायचा. त्या जाचातून सुटायच्या खटपटीत 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्यानं पहिली कोरडी प्रत काढली. 1959मध्ये त्यावर आधारलेलं यंत्र बाजारात आलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांचे हात मोकळे झाले. आमच्या प्राचार्यांनी पाच ओळींच्या नोटिशीत ते पुन्हा बांधले. आता मुलं आधी झेरॉक्स घेतात आणि मग ती हातानं उतरवतात.

अण्णांनी दुकानाबाहेर पत्रा वाढवला, खाली तीन टेबलं टाकली. बसायचे पैसे नाहीत. आखीव कागद आणि पेन मात्र दुकानातूनच घ्यायचं. सबमिशनच्या आठवड्यात तिथं जी शांतता असते, ती मला माझ्या तासाला कधी मिळाली नाही. अण्णा मधूनमधून टेबलांवरून फेरी मारतात. “समास सोड. परिच्छेद पाड तिथं. अरे, उपसंहारात नवा मुद्दा काढतोस? आता संपवायचंय ना?” उपसंहारात नवा मुद्दा काढू नये, हे मी वर्गात तीन तास शिकवलं होतं.

कायद्याच्या बाजूनंही अण्णा पक्के आहेत. मशीनच्या वर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, वर्तमानपत्राचं एक कात्रण लॅमिनेट करून लावलंय. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर आणि दिल्ली विद्यापीठावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना विकतो, म्हणून. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघारच घेतली.

“आपण जिंकलो,” अण्णा सांगतात.

मी समजावायचा प्रयत्न केला की ते प्रकरण अभ्यासाच्या पुस्तकांतल्या उताऱ्यांचं होतं. तयार निबंधांना ते लागू होत नाही. अण्णांनी शांतपणे विचारलं, “मग माझ्याकडे हे काय करमणुकीसाठी ठेवलंय?”

दिवेलागणीनंतरचं गिऱ्हाईक वेगळं असतं. स्कूटर जरा लांब लावून, पेन ड्राइव्ह मुठीत धरून पीएच.डी. करणारे प्राध्यापक येतात. अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे 2018चे नियम अण्णांना तोंडपाठ आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, साठाच्या वर गेलं की नोंदणी रद्द. “दहाच्या आत आणून देतो, पण शब्द बदलल्यावर अर्थाची गॅरंटी माझी नाही,” एवढं ते आधीच सांगतात. मी म्हटलं, नियम एवढे माहीत आहेत तर एफवायच्या पोरांना शंभर टक्के साम्याचा माल कसा देता? “शिक्षेचं कलम वाचा, सर. एम.ए.पासून वर आहे. बी.ए.ला चालतं.” मी घरी जाऊन वाचलं. कलम खरंच एम.ए.पासून वर आहे. ‘चालतं’ हे तात्पर्य मात्र अण्णांचं.

2022च्या नोव्हेंबरात चॅट जीपीटी आलं. आता अण्णांचा धंदा बसणार, असं स्टाफरूममध्ये जरा समाधानानंच बोललं गेलं. पहिल्या लाटेत मुलांनी परस्पर फोनवरून निबंध उतरवले. एकानं तर शेवटच्या परिच्छेदानंतर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘आपणास हवे असल्यास मी हा निबंध अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ का?’ मी समासात ‘हो, द्या’ असं लिहून दहापैकी चार दिले. मुलगा तक्रार घेऊन माझ्याकडे आला नाही, अण्णांकडे गेला.

अण्णांनी दोष लगेच ओळखला. “यात ‘तथापि’ फार आहे. एफवायचं पोरगं ‘तथापि’ म्हणतं का? आणि एकही चूक नाही. आपल्याकडं शंका तिथंच येते.” त्या दिवसापासून दुकानात नवी सेवा सुरू झाली. मुलानं फोनवरचा निबंध आणायचा, अण्णा त्यात चुका घालून देणार. पाच रुपये. ‘आणि’चं ‘आणी’ करायचं, ‘की’ ऱ्हस्व करायची, एखाद्या ‘तथापि’च्या जागी ‘पण तरी सुद्धा पण’ टाकायचं. मुलगा हुशार असेल तर दोन चुका, बेताचा असेल तर पानाला सहा. “शुद्धलेखनाचे बासष्टचे नियम माझे पाठ आहेत, सर. म्हणून तर नेमके कुठं मोडायचे ते कळतं.” त्यांच्या हाताखालून गेलेला निबंध इतका अस्सल अशुद्ध असतो की मुलाचा उच्चारही ऐकू येतो.

एकदा पेपर अडकून मशीन बंद पडलं. दार उघडून आतला चुरगळलेला कागद चिमटीनं ओढता ओढता अण्णा म्हणाले, “मागच्या बाकावर बसते, मोठे डूल घालते, तिचा निबंध आधी वाचा. माझ्याकडून नेलेला नाही. स्वतःजवळ प्रत असावी म्हणून झेरॉक्सला आली होती. दुसऱ्या पानावर विहीर आहे.” घरी जाऊन गठ्ठ्यातून तेवढा निबंध काढला. विषय ‘पाणीटंचाई’. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं : उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की आमची आजी म्हणते, आता हिच्याशी मोठ्यानं बोलावं लागेल. पहिल्या पानावर नेहमीचं ‘जल हेच जीवन’ होतं. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं : ‘हे काढ. विहिरीपासून सुरू कर.’ अक्षर माझ्या ओळखीचं होतं. पिना आणल्या की त्या अक्षरात बिल मिळतं.

अण्णा हा काय प्रकार आहे, ते तेव्हा ध्यानात आलं. कॉलेजात निबंध देणारे आम्ही सगळे, लिहिणारी ती सगळी मुलं, आणि तपासून सही करणारेही आम्हीच. वाचणारा माणूस मात्र एकच. मशीन पानं ओकत असतं, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असतं, हाताला काम नसतं. म्हणून अण्णा वाचतात. विद्यापीठानं मूल्यमापनाच्या तीस गुणांत वाचनासाठी वेळ कुठंच धरलेला नाही. तो अण्णांच्या मशीनला लागतो तेवढाच.

दुसऱ्या सत्रात मी विभागाला न विचारता विषय दिला : ‘घर ते कॉलेज’. आपल्या दारातून निघून वर्गात पोचेपर्यंतचा रस्ता, चार पानं. असली मास्टर कॉपी जगात कुठं नसते, फोनलाही या पोरांचा रस्ता ठाऊक नसतो, असा माझा हिशेब होता. संध्याकाळी अण्णांच्या पत्र्याखाली ही गर्दी! मी पलीकडं चहाच्या टपरीवर उभा राहिलो.

अण्णा कीबोर्डवर बसले होते. समोर एक पोरगा.

“कुठून येतोस?”

“धरणाकडून.”

“एसटी कितीची?”

“पावणेसातची. येते साडेसातला.”

“तोवर काय करतोस?”

“काय नाय. बसतो.”

“कुठं बसतोस? दगडावर, पारावर, कुठं?”

“टायरवर. पंक्चरवाला आहे ना, त्याच्या टायरवर. म्हातारा रोज इचारतो, आज कितवा पेपर? परीक्षा नसली तरी.”

“हां. मग हे बोल की. एसटीत खिडकी मिळते?”

“खिडकी मास्तरीणबाईंची असते. त्या पुढच्या स्टॉपला चढतात, पण खिडकी त्यांचीच.”

अण्णा टाइप करत होते, पोरगा बोलत होता. मागचे सगळे ऐकत होते आणि मधेच कुणीतरी “ए, मास्तरीणबाईंच्या डब्याचं सांग” म्हणून भर घालत होतं. चार पानं झाली. पोरानं चाळीस रुपये मोजले आणि उतरवायला टेबलाकडं जाता जाता मित्राला म्हणाला, “अण्णानं काय भारी लिहिलंय बघ!”

रात्री नऊपर्यंत हेच चाललं होतं. माझ्याकडे सव्वाशेच्या सव्वाशे रस्ते आले, आणि एकाही रस्त्यावर अँटेना नव्हता. मी ते रात्री जागून वाचले. गुण तीनपासून नऊपर्यंत पडले.

त्यावर अंतर्गत मूल्यमापन समितीनं मला बोलावलं. “एका विषयाची उत्तरं इतकी वेगवेगळी कशी? एकाच्या निबंधात पंक्चरवाला, दुसऱ्याच्यात नदी. नेमकं बरोबर कुठलं?” गुणांतली तफावत त्यांना पटेना. आधीच्या सरांच्या काळी सगळा वर्ग सात ते आठमध्ये बसायचा. शेवटी ठरलं की मी नमुना उत्तर जोडावं, तीन प्रतींत, उद्या अकराच्या आत.

नमुना उत्तर घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी पान काचेवर ठेवलं, पण झाकण लावायच्या आधी सवयीनं वाचलं.

“हा तुमचा रस्ता?”

“हो.”

“पहिला परिच्छेद काढा. दुसऱ्यापासून बरा आहे.” त्यांनी बटण दाबलं. “आणि सर, तुमच्यावर राग नाही, पण असले विषय आम्हाला परवडत नाहीत. सव्वाशे जणांना बसून बोलतं केलं आणि हातात एक मास्टर कॉपी उरली नाही. मी आता गाववार लावून ठेवलेत. धरणाकडचे अकरा, घाटाचे चार, स्टेशनरोडचे मोप. पुढच्या वर्षी रस्ताच ठेवणार की बदलणार, ते मे महिन्यात सांगा. मला कागद मागवायचाय.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी ‘आमच्या गल्लीतला एक माणूस’ देईन म्हणतो.

अण्णांनी तिन्ही प्रती जुळवल्या, स्टेपल मारला आणि म्हणाले, “म्हणजे परत सव्वाशे! तीन रुपये द्या.”